आधी कान पाहा

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही केनियातल्या किकुयू स्त्रीचं 1910 च्या सुमाराचं एक छायाचित्र छापलं होतं. ते डोळ्यांपुढून हलत नाही. तुळतुळीत डोकं, कानांत मण्यांची मोठाली कडी, नजर थेट आपल्यावर. खाली ओळ एकच, 'किकुयू स्त्री'. ही बाई कोण? आणि मिशनऱ्यांच्या या फोटोंमध्ये कधीच कुणी हसत का नाही? त्यांना बळंच उभं केलं होतं का?
– एक चित्रकला शिक्षिका

उत्तर : तिचं नाव मला माहीत नाही. तिच्या फोटोची काचेची प्लेट, म्हणजे मूळ निगेटिव्ह, मी स्वतः साफ केली आहे, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं. नैरोबीत राहून अकरा वर्षं मी जुन्या निगेटिव्हची देखभाल केली. त्या प्लेटच्या कडेला इमल्शनवर, म्हणजे चित्र उमटतं त्या थरावर, सुईनं कोरलेला एक आकडा आहे, दुसरं काही नाही. आकड्याला जोडलेली वही कधीच गहाळ झाली.

पण नाव नसलं तरी त्या बाईनं स्वतःबद्दल बरंच सांगून ठेवलंय. फक्त चेहऱ्यावरून नजर काढून आधी कान पाहायचे. किकुयू माणसाचे कान लहानपणीच टोचत. पाळीला भोक पाडत आणि आपल्याकडे बुगडी घालतात तिथे, वरच्या कडेलाही. मग पाळीतलं भोक काड्या घालून, हळूहळू जाड लाकडाच्या खुंट्या घालून वाढवत न्यायचं. तुम्ही पाहिलेली ती कडी म्हणजे 'हांगी', लग्न झालेल्या बाईचा दागिना. डोक्याचा गोटाही लग्न झालेल्या बायका करत. म्हणजे 'मी कुणी पोरसवदा मुलगी नाही, घरधनीण आहे' एवढं तरी तिनं शंभर वर्षांपलीकडून आपल्याला स्पष्ट कळवलंय. तरुण योद्धे केस वाढवून, त्यांचे बारीक पीळ करून गेरू नि चरबी चोपडत. हातात काठी आणि पानांची जुडी असलेला म्हातारा दिसला, तर तो 'कियामा'चा, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचमंडळाचा माणूस. त्या मंडळात जागा मिळवायला त्यानं बकरे दिलेले असत. किकुयू माणसाला हे सगळं एका नजरेत वाचता यायचं. खाली ओळ लिहिणाऱ्याला ते वाचता येत नव्हतं, किंवा वाचायची गरज वाटली नाही.

त्या आकड्याबद्दल थोडं सांगते, कारण मला तो नुसत्या नाव नसण्यापेक्षा जास्त खुपतो. किकुयू लोकांत माणसं मोजत नाहीत, अशुभ मानतात. त्यांच्या मूळकथेत गिकुयू आणि मुंबी या पहिल्या जोडप्याला दहा मुली. त्यांच्यापासून कुळं झाली. पण दहा म्हणायचं नाही, 'केंडा मुइयुरु' म्हणायचं, म्हणजे 'भरलेले नऊ'. आणि नाव? पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, दुसऱ्यांना आईकडच्या आजोबा-आजीचं. नावातून आजी परत येते. अशा घरातल्या बाईच्या वाट्याला काचेवर आकडा आला.

आता हसण्याचं. एक साधं कारण तांत्रिक आहे. हाफ प्लेट, म्हणजे साडेसहा बाय पावणेपाच इंचांची काच, तिपाईवरच्या लाकडी कॅमेऱ्यात घालून सावलीत फोटो काढायचा, तर भिंगाचं झाकण काढून मनात आकडे मोजावे लागत. तेवढा वेळ हललात की चेहरा पुसट. 'हलू नका' हे ज्या भाषेत सांगितलं गेलं, ती कित्येकदा धड किकुयूही नसायची. आत्मा चोरला जाईल म्हणून हे लोक घाबरत, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मी तिच्यावर विसंबत नाही. जगभरच्या माणसांबद्दल कॅमेरेवाले हीच गोष्ट सांगत आलेत.

दुसरं कारण मला त्या प्लेटवरच सापडलं. बाईच्या भोवतीनं लालसर तपकिरी जाड रंग फासलेला होता. निगेटिव्हवर असा रंग लावला की तिथून उजेड जात नाही आणि कागदावर ती जागा कोरी पांढरी येते. मासिकात छापायला एकट्या माणसाचा सुटा फोटो हवा असला, की असं करत. मी प्लेट उलटी धरून काचेच्या बाजूनं तिरपा दिवा टाकला. गडद रंग मागे असला, की निगेटिव्हमधली, चित्र घडवणारी चांदी उजळून दिसते आणि चित्र सुलट भासायला लागतं. रंगाखाली दुसरी बाई होती. पाठीवर लाकडाची मोळी, मोळीचा पट्टा कपाळावरून घेतलेला, एक हात तोंडावर. हसत होती, चांगली खांदे हलवून, कारण खांद्याची कड दुहेरी उमटली आहे. तर हसणारी माणसं तिथे होती. चौकटीत ठेवलेली नव्हती, इतकंच.

बळंच उभं केलं का, याला एका शब्दात उत्तर नाही. हात धरून ओढून आणलं असं दाखवणारं काही माझ्या हाती लागलेलं नाही. पण परिस्थिती पाहा. स्कॉटलंडच्या मिशननं 1898 मध्ये नैरोबीजवळच्या थोगोटोला बस्तान बसवलं. इटलीतल्या तुरिनहून कोन्सोलाता मिशनचे पहिले चौघे 1902 मध्ये आले आणि मुरांगा भागात, टुथुला, करुरी या प्रमुखाच्या आसऱ्यानं राहिले. त्यांच्यातले फिलिप्पो पेर्लो, पुढे बिशप झाले ते, कॅमेरा हाताळण्यात तरबेज होते. औषध मिशनकडे, शाळा मिशनकडे, प्रमुखाची मर्जी मिशनकडे. त्याच काळात सरकारला झोपडीमागे कर रोख रुपयांत द्यावा लागे. हो, रुपयांतच, तिथे 1920 पर्यंत रुपया चालायचा. रोख पैसा मिळण्याच्या मोजक्या जागांपैकी मिशनचं काम ही एक. अशा मिशनच्या माणसानं 'जरा उभी राहा' म्हटल्यावर 'नाही' म्हणणं किती सोपं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. या फोटोंतली माणसं डांबरासारखी काळी दिसतात, मागचं आकाश पांढरंफटक, चेहऱ्यावर बारकावा नाही. मुद्दाम तसं केलं होतं का?
– एक वाचक

उत्तर : हे फार चांगलं विचारलंत. मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. पण परिणाम झाला तो झालाच.

त्या काळच्या प्लेटना लाल रंग दिसतच नसे. साध्या प्लेटना निळा-जांभळा तेवढा कळे. 'ऑर्थोक्रोमॅटिक' प्लेटना हिरवा-पिवळाही कळू लागला, लाल मात्र नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चाले. आता किकुयू माणूस सणासमारंभाला कसा नटायचा? गेरू एरंडेलात कालवून अंगाला, केसांना, चामड्याच्या वस्त्राला. उन्हात तो तांब्यासारखा लकाकत असणार. प्लेटला तो लाल दिसलाच नाही, म्हणून काळा उमटला. मुळातली लालसर तपकिरी कांती आणखी गडद झाली. लाल-गुलाबी मणी काळे, निळे मणी पांढरे. आकाशाचा निळा भसकन पांढरा. म्हणजे ज्या रंगानं माणूस सजला होता, तोच रंग काजळीसारखा त्याच्या अंगावर बसला.

त्यानंतर छपाई. जाळीच्या ब्लॉकवरून, म्हणजे बारीक ठिपक्यांनी, स्वस्त कागदावर छापताना गडद भागातला बारकावा बुजतो. मूळ प्लेटवर मला गालाची हाडं, ओठांच्या सुरकुत्या, कपाळावरचा घाम दिसतो. त्याच प्लेटवरून छापलेल्या मासिकाच्या पानावर डोळे आणि दात सोडून काही उरत नाही. युरोपातल्या वाचकानं पाहिलं ते हे पान. मूळ काच त्यानं कधी पाहिलीच नाही.

तुम्हाला कधी अशा प्लेट हाताळायला मिळाल्या, तर सुती हातमोजे घालू नका, काच निसटते. पातळ नायट्राइलचे घाला आणि कडांनी धरा. कडेला निळसर आरशासारखी झळाळी दिसली तर घासून काढायला जाऊ नका. ती चांदी वर आलेली असते, घाण नव्हे.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे, ख्रिस्ती आहे. त्या मिशनऱ्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, तापानं मेले तरी काम सोडलं नाही. गेल्या अंकातल्या तुमच्या लेखात त्यांच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलंय, हे मनाला लागलं. फोटो काढले म्हणजे असा काय गुन्हा केला?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुन्हा मी म्हटलेलं नाही, पण लेखात त्यांच्या कामाबद्दल दोन वाक्यं हवी होती, हे मान्य. थोगोटोला डॉ. जॉन आर्थर 1907 मध्ये आले, त्यांनी तिथलं रुग्णालय उभं केलं. किकुयू भाषा लिहायला-छापायला मिशनऱ्यांनी घेतलेले कष्ट खरे आहेत. 1926 मध्ये नवा करार किकुयूत आला. आणि सिस्टर इरेने स्तेफानी. गिकोंडीला गावोगाव पायी फिरून आजाऱ्यांची सेवा करणारी ही इटालियन जोगीण प्लेगच्या रोग्याची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडली आणि 1930 मध्ये गेली. लोकांनी तिला नाव दिलं 'न्याथा', दयेची आई. 2015 मध्ये न्येरीत तिला धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. किकुयू माणसांनी आपल्यात आलेल्या परक्या बाईला नाव दिलं, आणि तेही किती विचारपूर्वक! म्हणूनच फोटोंखालची निनावी ओळ मला जास्त टोचते.

फोटो हे त्या कामाच्या बाहेरचं काही नव्हतं, हे लक्षात घ्या. ते कामाचं इंधन होतं. तुरिनच्या मासिकात ते छापले जात, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये त्यांच्या काचेच्या स्लाइड करून अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवत. आपल्याकडे ज्याला शांबरिक खरोलिका म्हणत, तोच दिवा. खेळ संपला की वर्गणीचं ताट फिरे. पैसा यायला 'आधी' आणि 'नंतर' दाखवणं सोयीचं होतं. आधी कातडं पांघरलेला, नंतर पांढऱ्या सदऱ्यात, हातात पुस्तक. ही जोडीची पद्धत किकुयूंसाठी शोधलेली नव्हे. लंडनमध्ये अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या डॉ. बर्नार्डो यांनी ती वापरली होती, आणि 1877 मध्ये लवादापुढे त्यांना त्यावरून बोल लागला, कारण मुलांना फाटके कपडे फोटोसाठी घातले गेले होते.

तशीच एक जोडी माझ्या टेबलावर आली होती. कोणत्या मिशनची ते सांगत नाही, आज तिथली माणसं वेगळी आहेत आणि त्यांनीच मला कपाटं उघडून दिली. एकच तरुण. पहिल्या काचेवर कातड्याचं वस्त्र, भाला, मागे कुडाची भिंत. दुसऱ्या काचेवर सदरा, अर्धी चड्डी, छातीशी पुस्तक. मी भिंतीवरच्या भेगा जुळवत बसले होते. आमच्याकडे दुपारी चहा घेऊन येणारी आजी, सगळे तिला 'शोशो' म्हणत, माझ्या खांद्यावरून वाकली. तिला भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं पहिल्या फोटोतल्या कानावर बोट नेलं, काचेला न लावता, आणि म्हणाली, "हा तर आधीच वाचायला लागलाय."

'अथोमी', म्हणजे वाचणारे. मिशनच्या शाळेत जाऊन ख्रिस्ती झालेल्यांना किकुयू असंच म्हणत. ही मंडळी कानातल्या लाकडी खुंट्या काढून टाकत. मग ताणलेली पाळी रिकाम्या वेटोळ्यासारखी लोंबे. ती कशात अडकू नये म्हणून उचलून कानाच्या वरच्या टोकावरून घालत. 'आधी'च्या फोटोत त्या तरुणाची पाळी अशीच कानावर चढवलेली होती. खुंट्या काढून त्याला बराच काळ झाला होता. म्हणजे तो केव्हाच शाळेत जात होता, सदरा घालत होता. कातडं आणि भाला त्याला त्या दिवसापुरता दिला होता. मग मी दोन्ही काचांवर भाल्याची आणि त्याच्या पायांची सावली मोजली. लांबी तीच, दिशा तीच. कपडे बदलायला लागला तेवढाच वेळ दोन्ही फोटोंच्या मध्ये गेला होता.

हे फोटो काढणारा माणूस वाईट होता असं मला वाटत नाही. दवाखान्याला पैसे हवे होते, आणि ते या मार्गानं येतात हे त्याला ठाऊक होतं. पण त्या तरुणाला आपल्याच लोकांचं वस्त्र 'आधीचं अज्ञान' म्हणून अंगावर घ्यायला लावलं, आणि ते तुरिनच्या किंवा एडिंबराच्या हॉलमध्ये शेकडो लोकांनी खरं मानलं. किकुयूंमध्ये एक म्हण होऊन बसली, 'गुतिरी मुथुंगु ना मुबिया', म्हणजे गोरा साहेब नि पाद्री यांत फरक नाही. 1929 मध्ये मुलींच्या सुंतेची प्रथा सोडल्याच्या शपथा मिशननं मागितल्या, तेव्हा हजारो अथोमी मिशनच्या चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. मी त्या प्रथेची बाजू घेत नाही. तुम्ही परिचारिका होता, तिनं होणारी इजा तुम्हाला माझ्याहून जास्त कळते. पण इतक्या माणसांना एकाएकी परकेपणा वाटत नाही, तो आधीपासून साचत असतो. कातडं पांघरून उभ्या केलेल्या तरुणाच्या मनातही तो साचला असेल, असं मला वाटतं.

आणखी एक फोटो तुम्ही जरूर पाहा. 1938 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'फेसिंग माउंट केनिया' या पुस्तकातला, पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांचा. ते थोगोटोच्या मिशन शाळेत शिकले, 1914 मध्ये तिथेच बाप्तिस्मा घेतला. इंग्लंडमध्ये राहत असताना या फोटोसाठी त्यांनी अंगावर केसाळ कातडं घेतलं आणि भाल्याच्या टोकाला बोट लावून पाहिलं. वेश जवळजवळ तोच, पण तो कधी घालायचा, कुठे उभं राहायचं हे ठरवणारा माणूस या वेळी फोटोत होता. खाली नावही त्याचंच.

राहिला तो तरुण. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नवं ख्रिस्ती नाव, जुनं किकुयू नाव, बापाचं नाव आणि कधीकधी 'रिका' लिहिलेला असतो. रिका म्हणजे एकाच वर्षी वयात येण्याची किकुयू दीक्षा झालेल्यांचा गट. त्या वर्षी घडलेल्या गोष्टीवरून त्याला नाव पडतं. एका गटाचं नाव चक्क 'न्डेगे', विमान. शोशोनं एका रविवारी चर्चमधल्या तीन म्हाताऱ्यांना गाठून विचारलं, मी नोंदवही चाळली, आणि सात महिन्यांनी त्याचं नाव मिळालं. त्याच्या नातवंडांनी होकार दिलेला नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही. प्लेटच्या पाकिटावर मात्र शिसपेन्सिलीनं लिहिलंय, आकड्याच्या वर.

प्रश्न : आमच्या वाचनालयात आफ्रिकेवर छोटं प्रदर्शन भरवतोय. गेल्या अंकातलं ते छायाचित्र लावावं का? लावलं तर खाली काय लिहावं?
– वाचनालयाचे एक कार्यकर्ते

उत्तर : ते जरूर लावा. पण त्या जुन्या पुस्तकांत उघड्या अंगाच्या मुलींचे आणि दीक्षेच्या विधीचे फोटोही सापडतील, ते लावू नका. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि आज आपल्यालाही त्यांना विचारता येत नाही.

'किकुयू स्त्री' एवढंच लिहू नका. 'आदिवासी सौंदर्य', 'जुन्या आफ्रिकेची झलक' असलं तर नकोच. फोटो कुणी काढला, कशासाठी काढला, त्यात काय झाकलं, हे खाली आलं पाहिजे. ओळ लांब झाली तरी चालेल, लोक वाचतात. मी अशी लिहिली असती :

'विवाहित किकुयू स्त्री, कानांत हांगी. तिचं नाव फोटो काढणाऱ्यानं लिहून ठेवलं नाही. न्येरी परिसर, केनिया, 1910 च्या सुमारास. एका मिशनऱ्यानं, मायदेशी मासिकात छापण्यासाठी काढलेलं. काचेची हाफ प्लेट. गेरूचा लाल रंग या प्लेटवर काळा उमटतो. मागची जागा नंतर रंग लावून झाकली आहे. तिथे मोळी घेतलेली आणखी एक स्त्री उभी होती. ती हसत होती.'